झाडावर चढावयाच्या दोरास घरच्या घरीं नेढें गुंफणें

ज्या बागाइतदारांच्या पदरीं आंब्याचीं व नारळाचीं जुनीं, उंच झाडें आहेत, त्यांच्या बागेंत वर्षांतील कित्येक महिने कोणी ना कोणी तरी दोराच्या आधारानें वर असतो. आंबे उतरविणें, नारळ पाडणें, वाळक्या फांद्या काढणें, बांडगुळें छाटणें हीं कामें जमिनीवर उभें राहून होणारीं नव्हेत. खत कोणतें द्यावें, मोहोरावर औषध केव्हां मारावें, पेटी कोणत्या बाजारीं धाडावी, ह्यांविषयीं आपण परस्परांस खोदखोदून विचारतों. परंतु वर चढलेल्या माणसाचा सारा भार ज्या दोराच्या टोंकावर असतो, तें टोंक कसें बांधलें आहे, हें विचारणारा बागाइतदार मला क्वचितच भेटला. मीही त्यांतलाच होतों.

हा लेख लिहिण्यास माझ्याच बागेंत घडलेला एक अपघात कारण झाला आहे, व त्यांत दोष दुसऱ्या कोणाचा नसून माझाच होता, हें आरंभींच कबूल करतों. आमच्याकडे पुष्कळ वर्षें हापूस उतरविणारे एक वयस्क गडी आहेत. त्यांना आम्ही सारे काकाच म्हणतों. एका हंगामाच्या तोंडावर मीं त्यांच्यासाठीं बाजारांतून नवा, गुळगुळीत, चकचकीत दोर आणला व मोठें काम केल्याच्या समाधानांत राहिलों. काकांनीं तो दोर कमरपट्ट्याच्या कडीस नेहमींच्या रीतीनें, म्हणजे एकापुढें एक अशा दोन अर्ध्या गांठी मारून बांधला. काथ्याच्या व अंबाडीच्या दोरावर ह्याच गांठीनें त्यांना जन्मभर संभाळलें होतें. कारण त्या दोरांचे तंतू खरखरीत असतात व एकमेकांस धरून राहतात. नव्या दोरास तसें धरणें ठाऊक नव्हतें. सकाळपासून प्रत्येक हिसक्यासरशी गांठ थोडी थोडी सैल होत गेली असावी. दुपारच्या सुमारास काका मागें रेलले आणि सुमारें पंधरा फुटांवरून गडग्याच्या जांभ्या दगडांवर पडले. टांचेचें हाड मोडलें व पाठीच्या एका मणक्यास इजा झाली. प्राण वाचला, पण चढणें कायमचें सुटलें.

त्या संध्याकाळीं दवाखान्यांतून परत आल्यावर मीं कंदील घेऊन तो दोर टोंकापासून टोंकापर्यंत पाहिला. त्याचा एक तंतूसुद्धां तुटलेला नव्हता. दोर चांगला होता. केवळ त्याचें टोंक सुटलें होतें.

सुईस जसें नेढें असतें, तसें दोराच्या टोंकास कायमचें नेढें करतां येतें, आणि तें गांठीवांचून करतां येतें. दोराचे पेड उलगडून, टोंक मागें वळवून, तेच पेड दोराच्या अंगांत पुनः विणून टाकावयाचे, कीं दोर ओढला जाईल तसतशी ती वीण अधिकच आवळली जावी. ह्यास मी येथें गुंफण म्हणतों. समुद्रावर जाणाऱ्यांस ही विद्या पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आपल्यांतही ती अगदींच नव्हती असें नाहीं. मोटेचा नाडा व सोंदूर जोपर्यंत चालत होते, तोपर्यंत झिजलेला नाडा गांठ न मारतां सांधणारीं माणसें गांवोगांव होतीं; कारण गांठ चाकावरून जात नाहीं. विजेचे पंप आले, मोटा माळ्यावर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर हा हातगुणही गेला. मला तो खाडीकांठच्या एका वृद्ध तांडेलाकडून शिकावा लागला. पुस्तकांतून शिकूं पाहणारांस क्लिफर्ड ॲश्ले ह्या अमेरिकन गृहस्थाचा १९४४ सालचा गांठींवरचा प्रचंड ग्रंथ आहे, व त्यांत तीन हजार आठशेंहून अधिक गांठी व गुंफणी क्रमांक देऊन दाखविल्या आहेत. परंतु माझा अनुभव असा कीं, जें चित्र पाहून दोन संध्याकाळीं कळलें नाहीं, तें तांडेलानें माझ्या हातावर हात ठेवून पावघटकेंत दाखविलें.

आतां गांठीपेक्षां गुंफण बरी कां, हें पाहूं. दोर ताणला असतां त्याचे सर्व तंतू सारखा भार घेतात, तेव्हांच त्याचें पुरें बळ मिळतें. गांठींत दोर अरुंद जागेंत एकदम वळतो. वळणाच्या बाहेरील तंतूंवर भार पडतो, आंतील तंतू रिकामे राहतात. म्हणून गांठ मारलेला दोर बहुतकरून गांठीपाशींच तुटतो. गांठीच्या प्रकाराप्रमाणें दोराचें बळ चौथाईपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होतें. नीट केलेल्या गुंफणींत हा तोटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. पण माझ्या मतें बळाचा हा हिशेब दुय्यम आहे. खरा भेद असा कीं, गांठ ही रोज सकाळीं नव्यानें मारावी लागते, व ती मारणारा कधीं घाईंत असतो, कधीं झोपेंत, कधीं बोलण्याच्या नादांत. गुंफण एकदां, सावकाश, उजेडांत बसून केलेली असते, आणि ती बरोबर आहे कीं नाहीं, हें तिसऱ्या माणसासही पाहून सांगतां येतें.

ह्या कामास प्रत्येक दोर चालत नाहीं, व येथेंच पुष्कळांची चूक होते. ज्या दोरांत तीन पेड उघड दिसतात व एकमेकांभोंवतीं पिळलेले असतात, तोच घरीं गुंफावयास शिकण्याजोगा. डोंगर चढणाऱ्यांचा दोर वेगळा असतो. त्यांत मध्यें सरळ धाग्यांचा गाभा व वरून विणलेली खोळ असते. असा दोर जर्मनींतील एडेलरिड ह्या कारखान्यानें १९५३ सालीं प्रथम काढला. त्याचा बहुतेक भार गाभा घेतो, म्हणून खोळ उलगडून केलेली कोणतीही कारागिरी व्यर्थ होय. त्या दोरास आठ आंकड्याच्या आकाराची गांठ, मागें पुरेसें शेपूट सोडून, मारावी. अथवा कारखान्यांत शिवून नेढें केलेलाच दोर घ्यावा. झाडांवर काम करणाऱ्यांसाठीं विणीचे असेही दोर निघतात कीं ज्यांत नेढें करतां येतें, पण त्यांची रीत निराळी असते. तेथें शेपूट दोराच्या पोटांत लांबवर पुरावें लागतें, प्रत्येक दोराचीं मापें त्याचा कारखाना ठरवितो, आणि एका मापाची चूक बाहेरून दिसत नाहीं. तें काम घरीं लेख वाचून करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

तीन पेडी दोर घेतांना दुकानदार जें नांव सांगेल त्यावर विसंबूं नये. आपल्या बाजारांत कोणत्याही चकचकीत दोरास नायलॉन म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि प्रत्यक्षांत तो पुष्कळदां पॉलिप्रोपिलीनचा असतो. परीक्षा सोपी आहे. वीतभर तुकडा पाण्याच्या बादलींत टाकून हातानें चांगला दाबावा, म्हणजे आंतील हवा निघून जाईल. तुकडा बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर असण्याचा संभव. वर तरंगला तर तो माणसाच्या कामाचा नव्हे असें समजावें. पॉलिप्रोपिलीन उन्हानें लवकर कुजतें, फार निसरडें असतें, व सुमारें १६५ अंश उष्णतेस वितळतें, म्हणजे जोराच्या घर्षणानेंही त्यास धोका पोहोंचतो. करंड्या सोडण्यास तें चालेल. नायलॉन बळकट व ताणास लवचिक असतो, परंतु भिजला असतां त्याचें बळ दहाव्या हिश्श्याहून कांहींसें अधिक घटतें. पॉलिएस्टरचें तसें घटत नाहीं व तो ताणतोही कमी. १२ मिलिमीटर जाडीचा चांगला नवा तीन पेडी नायलॉन दोर सुमारें तीन हजार किलो भारास तुटतो. त्याच जाडीचा मनिला दोर हजाराच्या आसपास. काथ्याचा त्याहूनही पुष्कळ कमी. तीन हजार हा आंकडा वाचून कोणी हुरळून जाऊं नये. माणूस ऐंशी किलोचा असला तरी ढिल्या दोरावर चार हात पडून एकदम थांबला असतां त्या क्षणीं दोरावर पडणारा ओढा त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणूनच ज्यावर जीव आहे, त्या दोराचें बळ भाराच्या निदान दसपट असावें असा संकेत आहे.

साहित्य थोडें लागतें. वीतभर लांबीची, एका टोंकास निमुळती केलेली, घोटून गुळगुळीत केलेली कठीण लांकडाची मेख; तीक्ष्ण सुरी; चिकटपट्टी; मेण लावलेलें बळकट सूत; आणि नेढ्यांत बसवावयाची खोबणीची लोखंडी कडी, जिला लोखंडाच्या दुकानांत थिंबल म्हणतात. लोखंडी टोच्यानें पेड फांकविण्याचा मोह होतो, पण त्यानें तंतू कापले जातात. लांकूडच बरें.

आतां प्रत्यक्ष कृति. दोर १२ मिलिमीटरचा आहे असें धरूं. टोंकापासून दीड वीत मोजून तेथें सुतानें दोर घट्ट आवळावा, म्हणजे पीळ त्यापुढें उलगडणार नाहीं. मग तेवढ्या लांबीचे तिन्ही पेड सोडवावे, व प्रत्येकाच्या टोंकास लगेच चिकटपट्टी गुंडाळावी. ती निमुळती गुंडाळल्यास पेड खोवण्यास सुईप्रमाणें सोपा जातो. पेड सोडवितांना दोराचा पीळ सुटतो, परंतु प्रत्येक पेडाचा स्वतःचा पीळ सुटतां कामा नये. पेड एकदां पिंजला कीं तो कापसासारखा होतो, व मग कितीही खोंवला तरी भार घेत नाहीं.

नंतर दोर थिंबलाभोंवतीं वळवावा. आवळलेली जागा थिंबलाच्या टोंकाशीं यावी व तेथें मूळ दोरास टेकावी. थिंबल नसल्यास नेढें पुरेसें लांब ठेवावें: त्यांतून जी कडी किंवा दांडा जावयाचा असेल, त्याच्या जाडीच्या निदान तिप्पट, शक्य तर पांचपट. आंखूड नेढें ताणलें असतां त्याची मान फांकते, आणि पहिली वीण तेथूनच उसवूं लागते.

दोर मांडीवर असा धरावा कीं नेढें आपल्याकडे व मूळ दोर समोर लांब जाईल. बाजारांतील बहुतेक दोर उजव्या पिळाचे असतात, म्हणजे असा धरला असतां पेड आपल्यापासून दूर जातांना उजवीकडे कललेले दिसतात. खालील वर्णन अशाच दोराचें आहे. सुटलेले तीन पेड मूळ दोरावर पसरावे: एक मधला, एक डावा, एक उजवा. आतां मेखेनें मूळ दोराचा वरचा एक पेड उचलावा आणि मधला सुटा पेड त्याच्याखालून उजवीकडून डावीकडे, म्हणजे पिळाच्या आडवा, ओढून घ्यावा. मग डावा सुटा पेड घ्यावा. मधला जेथून बाहेर आला, त्याच फटींतून हा आंत जाईल, व मूळ दोराचा डावीकडील पुढचा पेड उचलून त्याच्याखालून बाहेर पडेल. इथवर कोणीही चुकत नाहीं.

तिसरा पेडच घात करतो. सबंध दोर उलटा करावा. आतां मूळ दोराचा असा एकच पेड राहिला असेल कीं ज्याच्याखालून अद्याप कांहीं गेलें नाहीं. उरलेला सुटा पेड त्याच्या डाव्या अंगास लोंबत असतो, आणि हात आपोआप त्यास डावीकडूनच आंत खुपसूं पाहतो. तसें केल्यास तो पिळाच्या दिशेनें जातो व सारी वीण एका बाजूस बिघडते. सुटा पेड प्रथम त्या मूळ पेडावरून उजवीकडे न्यावा, आणि तेथून वळवून पुनः उजवीकडून डावीकडेच खालून काढावा. मीं पहिल्या सात प्रयत्नांत हें पांचदां चुकविलें. तांडेल कांहीं न बोलतां दरवेळीं तो उलगडून पुनः माझ्या हातीं देई.

पहिला फेरा पुरा झाला कीं पुढें जाण्यापूर्वीं थांबून पाहावें. मूळ दोराच्या तीन फटी आहेत. प्रत्येक फटींतून एक आणि एकच सुटा पेड बाहेर आलेला असावा, व तिन्ही एकाच उंचीवर असावे. एका फटींतून दोन व दुसरींतून एकही नाहीं असें दिसलें, तर मुकाट्यानें सोडवून पुनः करावें. ह्या ठिकाणीं आळस करणाऱ्यानें गुंफणीच्या नादास लागूंच नये. तिन्ही बरोबर असल्यास प्रत्येक पेड त्याचा पीळ राखून आळीपाळीनें सारखा ओढून घ्यावा, म्हणजे वीण थिंबलाच्या मानेशीं घट्ट बसेल.

पुढील फेरे सोपे आहेत. प्रत्येक सुटा पेड आपल्या डाव्या बाजूच्या मूळ पेडावरून न्यावा व त्यापुढच्याच्या खालून काढावा; एक वरून, एक खालून. तिन्ही पेडांचा एक फेरा झाल्यावरच दुसरा सुरू करावा. एकाच पेडाचे दोन फेरे आधीं उरकण्याची घाई केल्यास वीण तिरकी होते. फेरे किती? अंबाडी, ताग, घायपात, मनिला अशा वनस्पतींच्या खरखरीत दोरास तीन पुरे फेरे हें कमींत कमी. नायलॉन व पॉलिएस्टरसारख्या गुळगुळीत दोरास पांच. जुन्या खलाश्यांच्या रीतीनें कृत्रिम दोरासही तीनच फेरे देणारे लोक आढळतात. माझ्या काकांची गांठ ज्या कारणानें सुटली, त्याच कारणानें ही गुंफणही निसटेल. खरखरीत दोरावर शिकलेली रीत गुळगुळीत दोरावर जशीच्या तशी नेतां येत नाहीं.

पुरे फेरे झाल्यानंतर शोभेसाठीं व भार एकाएकीं न तुटावा ह्यासाठीं प्रत्येक पेडाचे तिसऱ्या हिश्श्याचे तंतू कापून एक फेरा, मग आणखी तितकेच कापून आणखी एक फेरा देतात. ह्यानें गुंफण उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होते. हे बारीक फेरे पांचांत मोजूं नयेत. शेवटीं गुंफण दोन फळ्यांमध्यें किंवा पायाखालीं फरशीवर लाटावी, म्हणजे पेड आपापल्या जागीं बसतात. उरलेलीं टोंकें दोराच्या जाडीइतकीं बाहेर राखूनच कापावीं. अगदीं बुंध्याशीं कापल्यास पहिल्या ताणाबरोबर तीं आंत निसटतात. नायलॉनचें टोंक ज्योतीवर धरून बंद करतां येतें, पण ज्योत मूळ दोरास लागूं देऊं नये, आणि वितळलेला कठीण मणी दोराच्या अंगास टोंचेल असा ठेवूं नये. मला सुतानें वेटाळणेंच पसंत आहे.

एवढें झालें म्हणजे नेढें तयार झालें. पण त्यावर माणूस चढवावयाचा नाहीं. प्रथम केलेलीं दहा नेढीं गुरांच्या दाव्यांस, आंब्याची करंडी खालीं सोडण्याच्या दोरास व विहिरीच्या पोहऱ्यास वापरावीं असा आमच्या घरचा दंडक आहे. करंडी पडली तर शेकडा आंबे फुटतील, त्याहून अधिक नाहीं. त्या दहांपैकीं एकही हंगामभरांत सरकलें नाहीं, म्हणजे अकराव्याचा विचार करावा.

त्या अकराव्याचीही परीक्षा घ्यावी. टोंकें जेथें बाहेर आलीं आहेत तेथें मूळ दोरावर शाईनें रेघ ओढून ठेवावी. मग मजबूत तुळईस चेनकप्पी लावून सिमेंटचीं सहा पोतीं, म्हणजे ३०० किलो, जमिनीपासून चार बोटें उचलून तासभर टांगावीं. ह्या वेळीं दोराच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये; ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा उलटतो. नंतर उतरवून पुनः उचलावीं, असें पांच-सहा वेळां करावें, कारण गुंफण स्थिर भारापेक्षां वारंवार ताणण्यानें व ढिलावण्यानें अधिक सरकते. रेघेपासून टोंक आंत गेलेलें दिसलें तर नेढें कापून टाकावें. मात्र ध्यानांत असावें कीं ह्या परीक्षेनें वाईट गुंफण उघडी पडते. उत्तम गुंफणीचा दाखला तिनें मिळत नाहीं. तीन हजारांच्या दोरास तीनशें किलो म्हणजे कांहींच नव्हे.

तीन पेडी दोराचा उपयोग कोठें करावा, ह्यासही मर्यादा आहे. असा दोर मोकळा टांगून त्यावर भार दिला कीं तो आपला पीळ सोडूं पाहतो व लोंबणारा माणूस भोंवऱ्यासारखा फिरतो. म्हणून ज्यावर माणूस अधांतरीं लोंबावयाचा, तो मुख्य दोर मी कारखान्याचा, विणीचा, शिवलेल्या नेढ्याचाच घेतों. घरीं गुंफलेला तीन पेडी दोर खोडाभोंवतीं फिरवून कमरपट्ट्याच्या दोन्ही कड्यांस अडकवावयाच्या आंखूड कंबरदोरासाठीं, कापलेली फांदी सांवरून खालीं सोडण्यासाठीं व करंड्यांसाठीं. फिरती कडी तर तीन पेडी दोरास कधींच लावूं नये. तिच्यामुळें दोराचा व गुंफणीचा पीळ आपोआप उलगडत जातो. नेढ्यांतून दुसरा दोर थेट ओढून घेण्याचाही परिपाठ आहे. तो वाईट. नायलॉनवर नायलॉन घांसला कीं उष्णतेनें वितळतो व पाहतां पाहतां कापला जातो. मध्यें लोखंडी कडी किंवा कुलपाचा आंकडा असलाच पाहिजे. आणि नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पडलेला माणूस पाठीनें मोडतो. मांड्या व खांदे धरणारा हार्नेस नांवाचा अंगपट्टा आतां मिळतो. भारतीय मानक ३५२१ ची खूण पाहून तो घ्यावा.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, झाडावर चढावेंच कशास? तें म्हणणें खरें आहे. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा नूतन झेला पुष्कळ उंचीचे आंबे जमिनीवरून देंठासह काढून देतो, आणि जुन्या झाडांची उंची छाटून कमी करण्याचीही रीत आहे. मी स्वतः दरवर्षीं कांहीं झाडें छाटून बुटकीं करीत आहें. पण तीं छाटावयासही एकदां वर जावेंच लागतें, व तें चढणें आंबे उतरविण्याहून अधिक धोक्याचें, कारण तेथें हातीं कोयता किंवा करवत असते. ज्याच्या कंबरदोरावर करवतीचा दांता एकदां जरी लागला, त्यानें तो दोर त्याच दिवशीं बाद करावा.

आमच्याकडे प्रत्येक दोराच्या नेढ्याजवळ पत्र्याची लहानशी चकती बांधली आहे. तिच्यावर गुंफल्याची तारीख ठोकलेली असते. दोर उन्हांत वा फवारणीच्या औषधांजवळ ठेवीत नाहींत; ट्रॅक्टरच्या बॅटरीचें आम्ल तर नायलॉनचा वैरीच आहे, व त्याचा डाग पुष्कळदां दिसतही नाहीं. दोर पडवींत, खुंटीवर, उंदरांपासून दूर. पावसाळ्यानंतर प्रत्येकाचे पेड मेखेनें किंचित् फांकवून आंतला रंग पाहतों. आंतून भुकटी निघाली, पेड कडक लागला किंवा जाडी कोठें कमी भासली, तर दोराचे तुकडे करून टाकतों. तुकडे मुद्दाम, अखंड टाकलेला दोर काटकसरीच्या हातीं लागून पुनः झाडावर जातो.

हें सारें काम आतां काकांकडे आहे. टांच जुळली, पण चढण्याजोगी झाली नाहीं, म्हणून पहिलें वर्ष ते आंब्याची प्रतवारी करीत पडवींत बसत व फारसें बोलत नसत. मी तांडेलाकडून शिकून आल्यावर त्यांच्यासमोर बसून चुकीचें गुंफूं लागलों. दोन दिवस त्यांनीं तें पाहिलें, आणि तिसऱ्या दिवशीं माझ्या हातांतून दोर घेऊन म्हणाले, “भाऊ, तुमचा तिसरा पेड उलटा जातोय.” त्यांचीं नेढीं आतां माझ्यांहून सुबक होतात. हंगामांत सकाळीं गडी चढावयास निघाले कीं पडवीच्या पायरीवर काका बसलेले असतात. प्रत्येकजण कंबरदोर त्यांच्या हातीं देतो, ते दोन्ही नेढीं अंगठ्यानें चांचपतात, टोंकें मोजतात, मग दोर परत देतात. गेल्या हंगामांत त्यांनीं दोन दोर परत दिले नाहींत. त्यांपैकीं एक माझ्या हातचा होता.